टोपीतलं पुडिंग आणि रिया रामा ऱ्हूस

चार्ल्स डिकन्स म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतला इंग्रजीचा तास आठवतो. 'ऑलिव्हर ट्विस्ट'ची संक्षिप्त आवृत्ती, वाडगा पुढे करून आणखी मागणारा तो पोरगा, आणि परीक्षेत हमखास येणारा पाच मार्कांचा प्रश्न. फोटोही आठवत असेल. लांब दाढी, कपाळाला आठ्या, जगाचं सगळं दुःख आपल्याच डोक्यावर असल्यासारखा चेहरा.

हाच माणूस १८४० च्या दशकात (तेव्हा दाढी नव्हती) नाताळ आला की घामाघूम होईस्तोवर लहान मुलांसमोर जादूचे प्रयोग करायचा, हे मात्र कुठल्याही गाईडात नव्हतं. असतं तर ते पाच मार्क मी आनंदाने मिळवले असते.

मला जादूचा नाद जुना आहे. कॉलेजच्या गॅदरिंगपासून सुरू झालेला आणि आता सोसायटीतल्या वाढदिवसांपर्यंत येऊन टेकलेला. त्यामुळे डिकन्सची जादू हा विषय हाती लागल्यावर दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. आणि त्यातून एका प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं: लहान मुलांसाठी जादूचे प्रयोग निवडायचे कसे? उत्तराला एक काळी बाजूही आहे, ती शेवटी येईलच.

आधी प्रश्न समजून घेऊ. बहुतेकांचा समज असा असतो की मोठ्यांना फसवणं कठीण, पोरांना फसवणं सोपं. प्रत्यक्षात उलटं आहे. समजा, तुम्ही पाच वर्षांच्या मुलीला पत्त्यांच्या कॅटमधून एक पान काढायला सांगितलंत, परत ठेवायला लावलंत, पिसलंत आणि बरोबर तेच पान काढून दाखवलंत. मोठी माणसं थक्क होतात, कारण त्यांच्या डोक्यात नकळत ५२ चा भागाकार चाललेला असतो. त्या मुलीच्या डोक्यात असा काही भागाकार नसतो. ती म्हणते, "मग?" तुम्ही जादूगार आहात, तुम्हाला येणारच! चौकट सत्ती आणि बदाम सत्ती यांतला फरक लक्षात ठेवायचा हेच तिच्यासाठी होमवर्क असतं.

दुसरी अडचण नजरेची. जादूगार उजव्या हाताकडे बघतो, म्हणून मोठी माणसंही उजव्या हाताकडे बघतात. तेवढ्यात डावा हात आपलं काम उरकून घेतो. लहान मूल मात्र तुमच्या खिशाकडे बघत बसलेलं असतं, कारण त्याला तो खिसा आवडलेला असतो. आणि काही दिसलं की ते मनात ठेवत नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लहान मूल म्हणजे बिनपगारी टेस्टर. त्याने स्पेक वाचलेला नसतो, आणि जिथे क्लिक करू नये नेमकं तिथेच ते क्लिक करतं.

तर अशा प्रेक्षकांसमोर डिकन्स उभा राहिला. त्याने काय निवडलं ते बघू.

३१ डिसेंबर १८४२ ला डिकन्सने हार्वर्डमध्ये ग्रीक शिकवणाऱ्या फेल्टन नावाच्या प्राध्यापकाला एक पत्र लिहिलं. त्याच वर्षी तो अमेरिकेचा दौरा करून आला होता, तिथे या दोघांची दोस्ती जमलेली. पत्रात बातमी अशी: मी आणि माझा मित्र फॉर्स्टर, आम्ही दोघांनी मिळून एका जादूगाराचा सगळा सामानसुमानासकट धंदाच विकत घेतला आहे, आणि प्रयोग करायची जबाबदारी माझ्यावर आहे. निमित्त होतं थोरला मुलगा चार्लीच्या वाढदिवसाचं. चार्लीचा जन्म ६ जानेवारी १८३७ चा, म्हणजे तो सहा वर्षांचा होणार होता. ६ जानेवारी हा नाताळच्या सणाचा शेवटचा दिवस, त्यामुळे डिकन्सच्या घरी त्या दिवशी दुप्पट धमाल असे.

पोरगा सहा वर्षांचा होतोय म्हणून बाप एका माणसाचं सगळं दुकानच उचलून आणतो! आपण कंटाळत कंटाळत केक ऑर्डर करतो.

याच पत्रात प्रयोगांचा थोडा तपशील आहे. पाहुण्यांची घड्याळं भलत्याच चहाच्या डब्यांतून निघायची, नाणी उडून दुसरीकडे जायची, हातरुमाल जळायचे आणि परत धड निघायचे. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती मदतनिसाची गोष्ट. ज्या प्रयोगांना साथीदार लागतो, त्यात डिकन्सने क्लार्कसन स्टॅनफिल्ड या चित्रकाराला घेतलं होतं. स्टॅनफिल्ड म्हणजे समुद्राची चित्रं काढणारा त्या काळातला मोठा माणूस, रॉयल अकॅडमीचा सदस्य. डिकन्स लिहितो की हा गृहस्थ आपलं काम दर वेळी नेमकं उलटं करतो आणि बघणाऱ्यांची हसून हसून पुरेवाट होते.

मोठ्यांच्या प्रयोगात असा साथीदार दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. पोरांच्या प्रयोगात तो सोन्यासारखा. कारण लहान मुलाचं अख्खं आयुष्य मोठ्यांकडून चुका काढून घेण्यात जातं. हात धुतले नाहीस, उलटी चप्पल घातलीस, दूध सांडलंस. अशा मुलाला जेव्हा एक दाढीमिशा आलेला माणूस समोर चुकताना दिसतो आणि आपल्याला बरोबर काय ते ठाऊक असतं, तेव्हा त्याला जो आनंद होतो त्याला तोड नाही. आजही मुलांसाठी प्रयोग करणारे लोक हातात घेताच मोडून पडणारी जादूची कांडी वापरतात, ती याचसाठी. मुलं ओरडतात, "अहो, मोडली, मोडली!" आणि जादूगार म्हणतो, "कुठे? काय?" जादू अजून सुरूही झालेली नसते, आणि पोरं तुमच्या खिशात.

पुढच्या वर्षी, म्हणजे डिसेंबर १८४३ मध्ये, नाताळच्या दिवसांत डिकन्सचा बहुधा सगळ्यात गाजलेला प्रयोग झाला. नट मॅक्रेडी अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. त्याच्या बायकापोरांना एकटं वाटू नये म्हणून मित्रमंडळींनी त्याच्या घरी मुलीच्या वाढदिवसाला दंगा करायचं ठरवलं. डिकन्सने नुकतंच 'अ ख्रिसमस कॅरोल' हातावेगळं केलं होतं. सहा आठवड्यांत पुस्तक लिहून, १९ डिसेंबरला ते बाजारात आणून हा माणूस जादू करायला मोकळा! (आमच्याकडे रिलीज झाल्यावर लोक दोन दिवस नुसते झोपतात.)

त्या पार्टीला जेन कार्लाइल हजर होती. थॉमस कार्लाइलची बायको, आणि स्वतः अत्यंत तिखट पत्रं लिहिणारी बाई. सहजासहजी कुणाचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हे. तिने मामेबहिणीला लिहिलेल्या पत्रात मात्र डिकन्सवर फुलं उधळली आहेत. तासभर त्याने जादू केली, फॉर्स्टर नोकर बनून मदतीला, दोघांच्या अंगातून घामाच्या धारा. आपण पैसे मोजून पाहिलेल्या जादूगारांपेक्षा हा भारी, पुस्तकांचा धंदा बसला तरी याचं पोट यावर भागेल, असा तिचा निर्वाळा. तिने तीन प्रयोग नोंदवून ठेवले आहेत:

एक, बायकांचे हातरुमाल घेतले आणि त्यांच्या साखरेच्या गोळ्या झाल्या.

दोन, कोंड्याने भरलेला डबा, आणि त्यात कोंड्याच्या जागी जिवंत गिनी पिग.

तीन, कच्चा मैदा, कच्ची अंडी वगैरे सगळं एका पाहुण्याच्या हॅटमध्ये शिजवलं आणि मिनिटभरात वाफाळतं प्लम पुडिंग बाहेर पालथं घातलं.

आता ही यादी जरा इंजिनियरच्या नजरेने बघा. तिन्ही प्रयोगांत एकही आकडा नाही, एकही पत्ता नाही, 'मी तुमच्या मनातलं ओळखतो' नाही. तिन्हींचा शेवट काय आहे? खाऊ, प्राणी, आणि खाऊ. मुलाला काय झालं हे समजावून सांगावं लागत नाही. ते बघता येतं, हुंगता येतं, आणि नशीब चांगलं असेल तर खाता येतं.

पुडिंगची निवड तर फारच विचारपूर्वक आहे. प्लम पुडिंग म्हणजे मैदा, चरबी, अंडी, बेदाणे वगैरे एकत्र करून फडक्यात बांधून तासन् तास उकडायचा पदार्थ. तिथल्या घरांत नाताळच्या आधी स्वयंपाकघरात ते भांडं रटरटत असायचं आणि पोरं 'झालं का, झालं का' करत फिरायची. म्हणजे पुडिंगला किती वेळ लागतो हे त्या खोलीतल्या प्रत्येक पोराला अनुभवाने माहीत होतं. पत्त्यांमधली शक्यता त्यांना माहीत नव्हती, पण पुडिंगची वाट बघणं माहीत होतं. म्हणून मिनिटभरात तयार झालेलं पुडिंग हा त्यांच्यासाठी खरा चमत्कार. आपल्याकडे कुणी आजोबांच्या टोपीत मिनिटभरात पुरणपोळी करून दाखवली तर जे होईल, ते तिथे झालं.

शिवाय हॅट. ती एखाद्या पाहुण्याची, म्हणजे एखाद्या गंभीर, मान्यवर काकांची. तिच्यात अंडी फोडली जाताहेत आणि काकांना काही बोलता येत नाही! पोरांसाठी अर्धी मजा तिथेच वसूल. (यामागचं तत्त्व फार गूढ नाही. आजही जादूच्या दुकानात मिळणाऱ्या एका भांड्याच्या झाकणातच दुसरं भांडं लपलेलं असतं. झाकण ठेवलं की आतला माल खाली बसतो. युक्ती झाकणात, करामत काकांच्या चेहऱ्यावर.)

हॅट आणि अंडी यांची ही जोडी पुढेही चालली. १ जुलै १९१२ रोजी लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये राजा पाचव्या जॉर्जसमोर पहिला रॉयल कमांड परफॉर्मन्स झाला. त्यात जादूगार होता डेव्हिड डेव्हंट. त्याने राजासमोर काय केलं, तर एका रिकाम्या हॅटमधून अंडी काढली. एक मुलगी, एक मुलगा. तो अंडी मुलीच्या हातात देणार, ती मुलाकडे देणार, आणि मुलगा बिचारा दोन्ही हातांत, छातीशी धरून उभा. अंडी संपत नाहीत, हात पुरत नाहीत, मग एकेक फुटायला लागतं. हॅटमधून अंडी येतात कुठून याचा कुणी विचारसुद्धा करत नाही, सगळे त्या पोराचे हात बघत असतात. राजाराणीसमोर मोठमोठी यंत्रं लावायची सोय असताना डेव्हंटने हे निवडलं. डिकन्सला ते ७० वर्षांपूर्वीच कळलं होतं.

पण डिकन्सच्या पोतडीतला माझा सगळ्यात आवडता प्रयोग वेगळाच आहे: प्रवासी बाहुली. एक छोटीशी लाकडी बाहुली. तिला प्रवासाचा झगा चढवला की ती नाहीशी व्हायची आणि क्षणात परत यायची. डिकन्सची मुलगी मेमी हिने पुढे लिहिलेल्या आठवणींत या बाहुलीबद्दल सांगितलं आहे. ही बाहुली कुठून कुठून फिरून यायची आणि प्रेक्षकांतल्या वेगवेगळ्या मुलांसाठी अगदी अनपेक्षित बातम्या आणि निरोप आणायची. मुलं तिच्या येण्याची वाट बघत बसायची.

या युक्तीचं सिक्रेट मी इथे फोडत नाही, पण एवढं सांगतो की ते लंडनमध्ये १६३४ साली 'होकस पोकस ज्युनियर' नावाच्या पुस्तकात छापून आलेलं आहे. म्हणजे डिकन्सने वापरलं तेव्हा ते दोनशे वर्षं जुनं होतं. पक्का लेगसी कोड! त्याने कोडला हात लावला नाही, फक्त फ्रंटएंड बदललं. जुन्या प्रयोगात बाहुली नाहीशी व्हायची आणि परत यायची, बस. डिकन्सने विचारलं असणार की बाहुली गेली कुठे होती? आणि आली ती कुणासाठी? मग तिने प्रत्येकासाठी काहीतरी आणलंच पाहिजे. त्या क्षणी जादू 'बघायची' गोष्ट राहत नाही, ती 'माझी' होते. बाहुली नाहीशी कशी झाली हे शोधायला त्या मुलाला आता फुरसत नसते, त्याला आपला निरोप ऐकायचा असतो.

१८२४ साली बारा वर्षांचा डिकन्स लंडनमध्ये बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता आणि त्याचा बाप कर्जापायी तुरुंगात होता. ही गोष्ट त्याने जन्मभर लपवली. मोकळेपणाने सांगितली ती फॉर्स्टरला, म्हणजे जादूच्या प्रयोगांत नोकर बनणाऱ्या याच मित्राला, आणि जगाला ती कळली डिकन्सच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. मला मानसशास्त्र कळत नाही. पण गर्दीतल्या एकेका मुलाला नाव घेऊन निरोप आणणारी बाहुली याच माणसाला सुचावी, याचं मला नवल वाटत नाही.

इथपर्यंतचं सगळं गोड आहे. आता पुढे.

१८४९ च्या उन्हाळ्यात डिकन्स कुटुंबासह आइल ऑफ वाइट बेटावर बॉनचर्च नावाच्या गावी राहायला गेला. तिथे त्याने घरगुती प्रयोगासाठी एक जाहिरातपत्रक लिहिलं. ते फॉर्स्टरने चरित्रात जपून ठेवलं आहे. सहा प्रयोग: पत्ते उडी मारतात, नाण्यांचा आणि डब्यांचा खेळ, जळून राख झालेला पत्ता परत येतो, घड्याळ पावाच्या लादीतून निघतं, प्रवासी बाहुली, आणि शेवटी पुडिंग, जे कापून सगळ्यांना वाटलं जाईल. क्रम बघा. पत्ते आधी उरकून घेतले आहेत, मुलं ताजी असताना. बाहुली शेवटून दुसरी, म्हणजे पोरं तोपर्यंत जागची हलणार नाहीत. आणि समारोप खाऊने.

पत्रकातल्या फुशारक्या तर वाचण्यासारख्या आहेत. एक प्रयोग शिकायला म्हणे रशियाच्या खाणींत नऊ वर्षं एकांतवास. दुसरा पाच हजार गिनी मोजून एका चिनी अधिकाऱ्याकडून घेतला, आणि गुपित हातचं गेल्याच्या दुःखात तो बिचारा लगेच मेला. पुडिंगपायी ऑस्ट्रियाच्या सरकारने पाच वर्षं कैदेत टाकलं. जादूगाराचं शिक्षण कुठे झालं? स्पेनमधल्या सलामांकाच्या संत्र्याच्या बागांत आणि अ‍ॅलम बेच्या समुद्री गुहांत. ही अ‍ॅलम बे त्याच बेटावर, काही मैलांवर! म्हणजे सिंहगडाच्या पायथ्याशी पोस्टर लावायचं आणि त्यात लिहायचं की आम्ही हिमालयात आणि खडकवासल्यात तप केलं. जादूगारांच्या बढाया मारण्याच्या सवयीची ही झकास टिंगल आहे.

पण पत्रकावर जादूगाराचं नाव आहे: रिया रामा ऱ्हूस.

हे नाव आकाशातून पडलेलं नाही. त्याआधीची तीसेक वर्षं लंडनमध्ये भारतीय जादूगारांची चलती होती. खिया खान ख्रूस नावाने एक जण भारतीय जादूगारांचा नायक म्हणून जाहिराती करायचा. आणि दुसरं मोठं नाव होतं रामो सामी. उघडच आपला रामस्वामी, दक्षिणेतून गेलेला. पितळी चेंडू हवेत खेळवणं, तलवार गिळणं, मणी गिळून ते तोंडातून दोऱ्यात ओवलेले बाहेर काढणं, अशी त्याची कामं. १८१९ साली तो अमेरिकेतही प्रयोग करत होता. अशाच भारतीय चेंडूवाल्याचं कसब बघून विल्यम हॅझलिटने एक अख्खा निबंध लिहिला, की हा माणूस जे करतो ते मला जन्मात जमणार नाही, आणि माझ्या लेखनातलं काहीही त्याच्याइतकं अचूक नाही.

डिकन्सचं पत्रक वाचणाऱ्याला या मंडळींची आठवण व्हावी म्हणूनच ते नाव तसं जुळवलेलं आहे. 'खिया खान ख्रूस' आणि 'रिया रामा ऱ्हूस' एकामागे एक म्हणून बघा.

आता १८५० साल. पत्रकानंतर जेमतेम वर्षभराने रामो सामी लंडनमध्ये वारला. उभी हयात तिथल्या लोकांची करमणूक करून. घरात इतकी गरिबी, की त्याच्या इंग्रज बायकोला अंत्यविधीसाठी लोकांकडे मदत मागावी लागली. सोंगाच्या रिया रामाला पार्टीत टाळ्या, आणि खऱ्या रामाला मूठमातीची पंचाईत.

यात डिकन्सचा दोष काय, असं तुम्ही विचाराल. खरंच, काही नाही. त्याने रामो सामीला उपाशी मारलं नाही. घरगुती थट्टेतलं एक नाव, त्याचं काय एवढं? मीही आधी तेच म्हणालो. पण इतिहासाची पानं एकापुढे एक ठेवली की काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत.

१८५७ मध्ये भारतात उठाव झाला. कानपूरच्या कत्तलीच्या बातम्या इंग्लंडला पोचल्या आणि तिथे संतापाची लाट उसळली. ४ ऑक्टोबर १८५७ ला डिकन्सने अँजेला बर्डेट-कूट्स या आपल्या श्रीमंत, परोपकारी मैत्रिणीला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की मी भारतात सरसेनापती असतो तर या क्रौर्याचा डाग ज्यांच्यावर आहे तो वंशच नष्ट करायचा मी होता होईल तो प्रयत्न केला असता. हे ऑलिव्हरचा, टायनी टिमचा लेखक लिहितो आहे. रागाच्या भरात लिहिलं, खरंच आहे. पण राग आला की माणूस डोक्यात आधीपासून पडून असलेली चित्रं वापरतो. आणि त्याच्या डोक्यात भारतीय माणूस म्हणून जी चित्रं पडली असतील, त्यात पोस्टरवरचा तो तीन 'र'वाला सोंगाड्याही असणारच.

अजून एक गोष्ट. डिकन्सचा मुलगा वॉल्टर १८४१ सालचा. पुडिंग आणि बाहुलीच्या त्या सगळ्या वर्षांत तो बरोबर प्रेक्षकांच्या वयाचा, रिया रामा ऱ्हूसच्या साली आठ वर्षांचा. १८५७ च्या जुलैमध्ये, सोळाव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून तो भारतात यायला निघाला. इथे लढला, कर्जात बुडाला, आजारी पडला, आणि ३१ डिसेंबर १८६३ ला कलकत्त्याच्या लष्करी इस्पितळात वारला. वय २२. डिकन्सला ती बातमी कळली ७ फेब्रुवारी १८६४ ला, स्वतःच्या बावन्नाव्या वाढदिवशी. वॉल्टरच्या थडग्याचा दगड आज कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट स्मशानभूमीत आहे.

ज्या देशाचं नाव घरच्या थट्टेत बापाने झग्यासारखं अंगावर घेतलं, त्याच देशात पोरगा गेला. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध नाही, मला तसं सुचवायचंही नाही. पण वॉल्टरला निघताना भारताबद्दल काय काय माहीत असेल, असा विचार मनात येतो. भूगोलाचं पुस्तक, वर्तमानपत्रं, आणि लहानपणी ऐकलेलं एखादं गमतीदार नाव.

आता मूळ प्रश्नाकडे. मुलांसाठी प्रयोग निवडायचे कसे? डिकन्सकडून अर्धं उत्तर असं मिळतं: ज्याचा शेवट मुलाला स्वतःहून समजेल असा प्रयोग घ्या. ज्यात मोठा माणूस चुकतो आणि मूल बरोबर असतं असा एक तरी घ्या. एकाच मुलाचा होणारा एक तरी घ्या. अवघड हातचलाखी दाखवायचा मोह आवरा. आणि शेवटी खायला द्या.

उरलेलं अर्धं उत्तर त्याच्याकडून उलट बाजूने मिळतं. आपण प्रयोग निवडताना सामान बघतो, बजेट बघतो, कोन बघतो. बोलायचं काय हे आदल्या रात्री ठरवतो, किंवा स्टेजवर गेल्यावर सुचेल तसं. पण मुलं युक्ती विसरतात. पुडिंग कुठून आलं हे दोन दिवसांत विसरतात. लक्षात राहतं ते बोलणं: कुणावर हसलो, कुणाची टोपी उडवली, जादू करणारा माणूस कुठला म्हणून सांगितला होता. मेमीला कित्येक वर्षांनी आठवलं ते बाहुली नाहीशी होण्यापेक्षा तिने आणलेले निरोप.

आपल्याकडचे प्रयोग आठवून बघा. गणपतीतला कार्यक्रम, वाढदिवसाची पार्टी. मदतनीस पोरगा जाड असतो म्हणून विनोद, तोतरा बोलतो म्हणून विनोद. 'बंगालचा काळा जादू' म्हटलं की भुवया ताणायच्या. कधी 'आफ्रिकेच्या जंगलातला मांत्रिक' म्हणून काहीतरी हू हू करायचं आणि समोरची चाळीस पोरं खदखदून हसतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. डिकन्सच्याही नव्हतं. (पी. सी. सरकारांनी महाराजाचा पोशाख चढवून जगभर प्रयोग केले, तेव्हा निदान सोंग आपलं आपण घेतलेलं होतं आणि बिलाचे पैसेही सोंग घेणाऱ्यालाच मिळत होते.)

म्हणून सध्या मी एक नियम केला आहे. प्रयोगाची यादी करताना प्रत्येक प्रयोगासमोर दोन रकाने. पहिल्यात 'मुलांना शेवटी काय मिळतं'. दुसऱ्यात 'मुलं कुणावर हसतात'. दुसऱ्या रकान्यात माझं स्वतःचं नाव किंवा एखाद्या जाड पगाराच्या काकांची टोपी असेल तर प्रयोग पास. बाकी काहीही असेल तर बोलणं बदलायचं, आणि नाही बदलता आलं तर तो प्रयोग पेटीतच ठेवायचा. पेटीत तसेही भरपूर प्रयोग आहेत.

बाहुली मात्र दर वेळी नेतो. ती हल्ली लंडनहून न येता नाशिक, नागपूर, कधी बोरिवलीहून येते, आणि प्रत्येकासाठी निरोप आणते. निरोप आधी आयांकडून गोळा करावे लागतात, ते काम जादूपेक्षा जास्त वेळ खातं. पुडिंगचं अजून जमलेलं नाही. टोपी द्यायला कुणी तयार होत नाही, आणि हल्ली टोपी घालतंय कोण? हेल्मेटमध्ये शिरा करून बघावा म्हणतो.

असो. पुढच्या वीकेंडला भेटू.